पोटात बँड असताना: पहिल्या घोटापासून रोजच्या ताटापर्यंत

चुलतभावाच्या मुलाच्या लग्नात पंगतीतून उठून मी अर्धा तास बेसिनपाशी उभी होते. छातीच्या मधोमध दगड ठेवल्यासारखं वाटत होतं, तोंडात तार सुटणारी पांढरी लाळ, आणि दर दोन मिनिटांनी कोणीतरी मावशी दार वाजवून "अगं, बरी आहेस ना?" विचारत होती. कारण काय, तर पुरीचा एक घास. बोलता बोलता न चावता गिळलेला. वजन उतरवण्यासाठी ऑपरेशन करून गॅस्ट्रिक बँड बसवून तेव्हा सात महिने झाले होते, आठवड्यापूर्वीच तो घट्ट करून आणला होता, आणि खरं सांगायचं तर बेसिनपाशीसुद्धा मी मनातून खूश होते. अडकतंय म्हणजे बँड काम करतोय, असं मला वाटत होतं.

तो समज पूर्ण चुकीचा होता, आणि तो सुटायला मला आणखी वर्ष लागलं. नव्याने बँड बसवलेल्यांचं, किंवा जुना बँड पोटात घेऊन वावरणाऱ्यांचं ते वर्ष वाचावं म्हणून हा लेख. तुमच्या सर्जनने आणि डाएटिशियनने दिलेला कागद माझ्या लेखापेक्षा मोठा. दोन्हींत फरक दिसला तर कागदाचं ऐका.

आधी बँड काय करतो ते समजून घ्या

अन्ननलिका जठराला मिळते त्याच्या जरा खाली, जठराच्या वरच्या भागाभोवती सिलिकॉनचं एक कडं बसवलेलं असतं. त्याच्या आतल्या बाजूला फुगा. फुग्यापासून एक बारीक नळी निघते आणि पोटाच्या कातडीखाली, स्नायूवर टाचलेल्या बटणाएवढ्या पोर्टला येऊन मिळते. पोर्टमधून सलाइन भरलं की फुगा फुगतो आणि वाट अरुंद होते. काढलं की वाट मोकळी.

पूर्वी असं सांगायचे की बँडच्या वर एक छोटी वाटी तयार होते, ती भरली की पोट भरलं. मेलबर्नच्या मोनॅश विद्यापीठात पॉल ओब्रायन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी घास बँडमधून जाताना पाहिला, तेव्हा चित्र वेगळं निघालं. नीट चावलेला घास वर साठून राहत नाही. अन्ननलिका त्याला दोन ते सहा वेळा दाबून पुढे ढकलते आणि साधारण मिनिटभरात तो पार होतो. त्या दाबामुळे तिथल्या मज्जातंतूंकडून मेंदूला निरोप जातो की आता भूक नाही.

म्हणजे बँडचं काम भूक कमी करण्याचं आहे, अन्न अडवण्याचं नाही. पुढचं सगळं या एका गोष्टीवर उभं आहे. आधीचा घास पार व्हायच्या आत दुसरा टाकला तर वर साठतं, दुखतं, उलटी होते. रोज असं होत राहिलं तर बँडच्या वरचा भाग ताणून मोठा होतो.

पहिले सहा आठवडे

साधारण क्रम असा: पहिले दोन आठवडे फक्त पातळ, पुढचे दोन घोटलेलं-कुस्करलेलं, मग मऊ, आणि पाचव्या-सहाव्या आठवड्यापासून हळूहळू नेहमीचं जेवण. दिवसांचा हिशेब प्रत्येक सर्जनचा थोडा वेगळा असतो.

पातळ म्हणजे गाळलेलं मुगाचं कढण, ताक, दूध, नाचणीची पातळ आंबील, टोमॅटोचं सार. घोटलेल्या टप्प्यावर वरण, सैलसर पिठलं, दही, मऊ अंडाभुर्जी, मेतकूट घालून पातळ केलेला गुरगुट्या भात.

हा क्रम लाड म्हणून नसतो. बँडभोवतीचे टाके आणि पेशी धरायला वेळ लागतो, आणि या काळात जोराच्या उलट्या झाल्या तर बँड जागेवरून सरकू शकतो. वजन उचलायचं नाही, म्हणजे गॅसचा सिलिंडर, पाण्याची भरलेली बादली आणि कडेवर बसणारं नातवंड, तिन्ही आले.

तिसऱ्या आठवड्यापासून एक गोष्ट होते जी मला कोणी आधी सांगितली नव्हती: भूक परत येते. घाबरू नका. बँड अजून रिकामा किंवा जवळजवळ रिकामा असतो, सूज उतरलेली असते आणि जेवण वाढत चाललेलं असतं. ऑपरेशन फसलेलं नसतं. पहिला फिल, म्हणजे फुग्यात सलाइन भरून बँड घट्ट करणं, व्हायचा असतो, एवढंच.

मधुमेहाची किंवा बीपीची औषधं चालू असतील तर ऑपरेशनच्या आधीच डॉक्टरांकडून नवे डोस लिहून घ्या. जेवण निम्म्याहून कमी झालं आणि इन्सुलिन किंवा साखर उतरवणाऱ्या काही गोळ्या जुन्याच मापाने चालू राहिल्या, तर साखर धोकादायक खाली जाते.

फिल

पहिला फिल बहुधा चार ते सहा आठवड्यांनी. टेबलावर आडवं झोपवतात आणि मान किंवा पाय जरा उचलायला सांगतात. त्याने पोटाचा स्नायू ताठ होतो आणि पोर्ट बोटाला लागतो. मग सुई. टोचतं, पण रक्त काढताना टोचतं तेवढंच. सुई पोर्टच्या तळाला टेकते तेव्हा आत काहीतरी 'टक्' झाल्याचं जाणवतं. डॉक्टर आधी आतलं सलाइन ओढून मोजतात, मग ठरलेलं भरतात. पोर्ट सापडत नसेल तर एक्स-रे किंवा सोनोग्राफीखाली करतात.

ती सुई खास असते, तिला ह्यूबर नीडल म्हणतात. तिचं टोक असं घडवलेलं असतं की पोर्टच्या पडद्याचा तुकडा पडत नाही. साध्या इंजेक्शनच्या सुईने पडदा खराब होऊन गळू शकतो. एकदा परगावी एका दवाखान्यात मला साधीच सुई लावायला निघाले होते. मी उठून बसले. तुम्हीही बसा.

सलाइन भरल्यावर उभं राहून किंवा ताठ बसून पाणी प्या. सहज उतरलं तरच दवाखान्याबाहेर पडा. पाणी वर येऊ लागलं तर लगेच थोडं काढून घ्या, घरी जाऊन वाट पाहू नका. मी फिल नेहमी सकाळची वेळ घेऊन करते आणि दुसऱ्या दिवशी प्रवास ठेवत नाही, कारण सूज कधी कधी रात्री येते. फिलनंतर एक-दोन दिवस पातळ, मग मऊ, मग नेहमीचं.

किती मिलीला नीट बसतं, हे दुसऱ्याला विचारू नका. जुने बँड चार मिलीत भरायचे, नंतरच्या काही मॉडेलांत दहा ते चौदा मिली मावतं. कोणाचे तीन मिली आणि कोणाचे सात, ही तुलनाच होत नाही. डॉक्टर एका वेळी अर्धा-एक मिली असंच वाढवतात.

बरोबर बसलाय हे ओळखायचं कसं? दोन तासांत पुन्हा भूक लागते, ताट भरून खाता येतं आणि वजन हलत नाही, म्हणजे सैल. छोट्या ताटात समाधान होतं, तीन-चार तास अन्नाची आठवण येत नाही, पोळी-भाजी-उसळ नीट चावून जाते आणि आठवड्याला अर्धा ते एक किलो उतरतं, म्हणजे बरोबर. रोज काहीतरी अडकतं, रात्री आडवं झाल्यावर खोकला येतो किंवा आंबट पाणी घशाशी येतं, आणि हात आपोआप बिस्किट-चहाकडे वळतो, म्हणजे जास्त घट्ट.

लग्नातल्या त्या दिवशी मी या तिसऱ्या अवस्थेत होते. घट्ट बँडने माणूस कमी खात नाही, फक्त चुकीचं खातो, कारण उसळ उतरत नाही आणि आइस्क्रीम उतरतं. अर्धा मिली काढल्यावर माझं वजन पुन्हा उतरायला लागलं, तेव्हा कुठे डोक्यात प्रकाश पडला.

बँड दिवसभर सारखा राहत नाही, हेही लक्षात ठेवा. अनेकांना सकाळी तो जास्त घट्ट लागतो. पाळीच्या आधी, ताणात आणि विमानात तसंच. माझा सकाळचा पहिला अर्धा तास कोमट पाणी आणि चहाचा. पोह्यांची बशी दहानंतर.

घास

एक घास घेऊन पाहूया. ज्वारीची भाकरी आणि मुगाची उसळ. भाकरीचा तुकडा अंगठ्याच्या नखाएवढा, उसळीच्या रश्शात भिजवलेला. चमचा खाली ठेवा, हातात धरून बसू नका. वीस वेळा चावा, तोंडात पेज झाल्यासारखं वाटलं पाहिजे. गिळा. आता थांबा, जवळजवळ एक मिनिट. हा मिनिट सुरुवातीला फार लांब वाटतो. मी समोरच्या भिंतीवरच्या घड्याळाचा सेकंदकाटा एक फेरी पुरी करेपर्यंत पाहत बसायची, आणि मुलगी म्हणायची, "आई, परीक्षा चालू आहे का?"

वीस मिनिटं, फार तर अर्धा तास. मग ताटात उरलेलं तसंच राहू द्या. अन्न टाकू नये असं आपल्यावर लहानपणापासून बिंबलेलं असतं, म्हणून आधीच कमी वाढून घ्या. मोठं ताट कपाटात ठेवा, नाश्त्याची बशी काढा. भूक मिटल्याची बँडवाल्यांची खूण बारीक असते: एक उसासा, एखादी उचकी, नाकातून पाणी. पोट तट्ट भरल्याची वाट पाहिलीत तर चार घास उशीर झालेला असतो.

जेवताना पाणी नको. जेवणानंतर निदान अर्धा तास जाऊ द्या. अधल्यामधल्या वेळात घोट घोट करत दिवसाचं दीड-दोन लिटर पुरं करा. सोडा, कोला बंद.

ताटात काय

आधी प्रथिनं, मग भाजी, जागा उरली तर भात-पोळी. आपली पानात वाढायची पद्धत नेमकी उलटी आहे, म्हणून हे अंगवळणी पडायला वेळ लागतो. दिवसाला साठ ग्रॅमच्या आसपास प्रथिनं हे नेहमी दिलं जाणारं लक्ष्य. एका अंड्यात सहा, शंभर ग्रॅम माशात वीसच्या आसपास, शंभर ग्रॅम पनीरमध्ये अठराच्या आसपास, घट्ट वरणाच्या वाटीत सहा-सात. मासे खाणाऱ्यांची यात चंगळ आहे: सुरमई, पापलेट मऊ असतात आणि सहज उतरतात. काटे मात्र डोळ्यात तेल घालून काढा. शाकाहारी मंडळींना नुसत्या वरणावर साठ गाठता येत नाही. दही, पनीर, सोया, मोडाच्या उसळी आणि डाएटिशियनने सांगितली तर पावडर, असं जुळवावं लागतं.

अडकणारे पदार्थ प्रत्येकाचे वेगळे, पण काही नावं सगळ्यांच्या यादीत सापडतात. पाव, कारण चावल्यावर त्याचा पिठाचा गोळा होतो. चिकट मऊ भात, ताजी गरम पोळी, साबुदाण्याची खिचडी, उकडीचा मोदक. कोरडं चिकन आणि मटणाचे धागे. शेवग्याच्या शेंगा, पालेभाजीचे जून देठ, संत्र्याच्या फोडीवरचे पापुद्रे. शिळी पोळी भाजून कुरकुरीत केली तर ताजीपेक्षा बरी जाते, आणि मोकळा शिजलेला भात आसट भातापेक्षा बरा. नवा पदार्थ नेहमी घरी, निवांत असताना करून पाहा. चतुर्थीला खिचडीऐवजी मी दही आणि उकडलेलं रताळं घेते.

आता खरा शत्रू. श्रीखंड, आमरस, बासुंदी, आइस्क्रीम, मिल्कशेक, साखरेचा चहा. यातलं काहीही बँडला अडत नाही, नुसतं घसरत जातं. चकली, शेव, चिवडा, खारी, बिस्किटं यांचंही तसंच, चावली की त्यांची पूड होते आणि सरकते. दिवाळीच्या आठवड्यात माझं वजन दीड किलोने वाढलं होतं आणि एकदाही काही अडकलं नव्हतं. आमरस माझ्यापुरता मी असा सोडवला: रस नाही, फोडी. चावून खायच्या, दोन-चार, पोळीशिवाय. दारूतल्या कॅलरी अशाच सरळ खाली जातात.

अडकलं तर

खाणं लगेच थांबवा. वर पाणी ओतून ढकलायला जाऊ नका, खालचा नळ बंद असलेलं भांडं वरून भरावं तसं होतं. उभे राहा, खांदे सैल सोडा, हळूहळू फेऱ्या मारा. लाळ येईल ती थुंकत राहा, गिळू नका. बहुतेक वेळा काही मिनिटांत घास खाली जातो किंवा वर येतो. बोट घालून उलटी काढायची नाही.

सुटल्यावर लगेच ताटावर परत येऊ नका. आतली जागा सुजलेली असते आणि दुसरा घासही अडकतो, मग तिसरा. पुढचे चोवीस तास पातळच. कारण शोधा: मोठा घास, घाई, बोलणं, राग, कोरडं अन्न. आठवड्यातून दोन-तीनदा अडकायला लागलं तर कारण तुमच्या चावण्यात नसेल, बँड तपासून घ्या.

समारंभात मी दोन गोष्टी पाळते. निघण्याआधी घरी थोडं खाऊन जाते, आणि शेजारी बसणाऱ्या एका माणसाला बँडबद्दल सांगून ठेवते. बाकीच्यांना सांगायची गरज नाही. वाढपी आला की ताटावर आडवा हात आणि "झालं हो माझं". आग्रह करणाऱ्या काकूंना वाटीत आमटी दिसली की त्या पुढे सरकतात.

गोळ्या, रक्त, बाळंतपण

मोठी गोळी अडकते. ती फोडून किंवा चावून घेता येते का, सिरपच्या रूपात मिळते का, हे केमिस्टला विचारा. पण नावापुढे एसआर, एक्सआर, ईआर असेल किंवा आतड्यात विरघळणारं आवरण असेल, तर ती गोळी कुटायची नाही. दिवसभरात सुटायचं औषध एकदम सुटतं. आयब्युप्रोफेन, डायक्लोफिनॅक, अ‍ॅसिक्लोफिनॅक या वेदनाशामकांनी जठराला जखम होऊ शकते, म्हणून सर्जनला विचारल्याशिवाय नाही. पॅरासिटॅमॉल म्हणून मिळणाऱ्या अनेक गोळ्यांत यांपैकी एखादं मिसळलेलं असतं, म्हणून पाकीट उलटून वाचा.

वजनासाठीच्या बायपास ऑपरेशनसारखं बँडमध्ये आतडं वळवलेलं नसतं, त्यामुळे पोषण शोषलं जातं, पण खाणंच थोडं असल्याने कमतरता होते. मल्टिव्हिटॅमिन रोज, हिमोग्लोबिन, बी-१२, ड जीवनसत्त्व, कॅल्शियम यांची तपासणी वर्षातून एकदा. केस गळायला लागले तर आधी प्रथिनं आणि लोह पाहा, तेल नंतर. बरेच दिवस उलट्या चालू असतील तर बी-१ झपाट्याने संपतं आणि मेंदू-नसांना इजा होऊ शकते. अशा वेळी दवाखान्यात ग्लुकोजची बाटली लावायच्या आधी बी-१ दिलं का, हे विचारायला संकोचू नका.

वजन उतरलं की पीसीओडी असलेल्यांची पाळी बऱ्याचदा नियमित होते आणि दिवस अनपेक्षित राहू शकतात. ऑपरेशननंतर वर्ष-दीड वर्ष गर्भ राहू देऊ नये असं सांगतात, तेव्हा सोय आधी करा. दिवस राहिलेच तर बँडचा मोठा फायदा असा की तो सैल करता येतो.

भूल द्यायची असेल, एंडोस्कोपी किंवा एमआरआय करायचा असेल, तर बँड आहे हे आधी सांगा. बँडच्या वर अन्न-पाणी राहिलेलं असू शकतं, आणि भूल देताना ते फुप्फुसात जाण्याचा धोका असतो.

धावत जायची वेळ

पाणी किंवा स्वतःची लाळही उतरत नाही, उलट्या थांबत नाहीत, पोटाच्या वरच्या भागात किंवा छातीत जोराची, न थांबणारी कळ, ताप, काळं शौच किंवा रक्ताची उलटी. यांपैकी काहीही झालं तर सकाळची वाट पाहू नका. बँड सरकून जठराचा भाग त्यात अडकला तर त्याचा रक्तपुरवठा तुटू शकतो. पहिला उपाय बहुधा सोपा असतो, सगळं सलाइन काढून घेणं. छातीतली कळ हृदयाचीही असू शकते, म्हणून ईसीजी आधी.

काही बिघाड गुपचूप येतात. बँड हळूहळू जठराच्या भिंतीतून आत शिरतो तेव्हा दुखेलच असं नाही. अचानक भूक वाढते, फिल लागू पडत नाही, किंवा इतक्या वर्षांनी पोर्टची जागा लाल होऊन पू येतो. अशा पोर्टला नुसतं अँटिबायोटिक देऊन घरी पाठवलं तर एंडोस्कोपीचा आग्रह धरा. भरलेलं सलाइन पुन्हा पुन्हा कमी निघत असेल तर नळी किंवा पोर्ट गळतोय.

कागद जवळ ठेवा

हे शेवटी लिहितेय, पण माझ्या मते दवाखान्यातून घरी आल्याच्या दिवशीच करायचं काम आहे. फुगवता येणारा बँड न्यू जर्सीचे सर्जन ल्युबोमिर कुझमाक यांनी १९८६ मध्ये वापरला, १९९३ मध्ये बेल्जियममध्ये मितिकू बेलाचेव यांनी तो दुर्बिणीतून बसवला, २००१ मध्ये अमेरिकेत मान्यता मिळाली आणि तो जगभर पसरला. माझा बसला २०११ साली. त्या वर्षी अमेरिकेतल्या वजनाच्या शस्त्रक्रियांपैकी सुमारे पस्तीस टक्के बँडच्या होत्या, २०१८ मध्ये एक टक्क्याच्या आसपास. आपल्याकडेही आता स्लीव्ह (जठराचा मोठा भाग कापून काढण्याचं ऑपरेशन) आणि बायपासच चालतात. त्यामुळे रात्री दोन वाजता कॅज्युअल्टीत भेटणाऱ्या तरुण डॉक्टरने बँड कधी पाहिलेलाच नसणं अगदी शक्य आहे. फिल करणारा सर्जन निवृत्त व्हायच्या किंवा गाव सोडायच्या आत दुसऱ्याचं नाव त्याच्याकडूनच घेऊन ठेवा.

पुढेमागे बँड काढावा लागू शकतो, बऱ्याच जणांचा काढावा लागला आहे. तेही दुर्बिणीतून होतं. नुसता काढला तर वजन बहुधा परततं, म्हणून स्लीव्ह किंवा बायपासचं बोलणं त्याच वेळी करून घ्यायचं. पुष्कळदा ते दोन टप्प्यांत करतात.

माझ्या पाकिटात, आधार कार्डाच्या मागे, बँडचं कार्ड आहे: कंपनी, मॉडेल, सीरियल नंबर, ऑपरेशनची तारीख, सर्जनचा फोन, पोर्ट डावीकडे बरगडीखाली. पाठीमागे प्रत्येक फिलची नोंद पेन्सिलने. शेवटची ओळ आहे, "५.५ मिली. पाणी सहज. भाकरी जाते."